खरं विमान आलं की आपलं खाली

मॉडेल विमानं उडवणाऱ्यांकडे किस्से आपोआप साठतात. विमान तुटतं, किस्सा तेवढा शाबूत राहतो!

दोन हजारच्या दशकात आम्ही पाच-सहा मराठी मंडळी इंग्लंडमध्ये ब्रॅकनेलला आयटीत होतो. रविवारी एका शेतकऱ्याच्या फील्डवर रिमोटची विमानं उडवायचो. हेजपलीकडेच, म्हणजे झुडपांच्या कुंपणापलीकडे, त्याची छोटी धावपट्टी होती. तिथे पीटर नावाचा रिटायर्ड गृहस्थ आपलं खरंखुरं, दोन सीटचं विमान ठेवायचा. शेतकऱ्याने पहिल्याच दिवशी बजावलं, "पीटर दिसला की तुमची विमानं खाली. एकदा जरी चुकलात, तर फील्ड बंद!" अख्ख्या आठवड्यात आम्हाला तेवढंच तर सुख होतं हो!

*

उडवणाऱ्याची नजर मॉडेलवर. म्हणून शेजारी स्पॉटर उभा, त्याने फक्त आकाश बघायचं. एकदा आमच्यातला नितीन स्पॉटर, आणि हातात पोह्यांची डिश! पीटर आला तेव्हा तोंडात हा एवढा घास. ओरडता येईना, म्हणून बिचारा चमचा वर करून नाचवायला लागला.

मॉडेल उडवणाऱ्या जोशीला डोळ्याच्या कोपऱ्यातून चमचा तेवढा दिसला. म्हणतो, "नको रे, माझं खाऊन झालं!"

शेवटी नितीनने घास थुंकून बोंब मारली आणि मॉडेल कसंबसं उतरलं. तेव्हापासून स्पॉटरला पोहे सगळ्यात शेवटी.

*

जोशीची आई नागपूरहून आली होती. पीटर आला की आमची धावपळ, हे काही काकूंना पटेना. "एवढं आभाळ मोकळं पडलंय. त्यालाच सांग ना, जरा बाजूनं जा म्हणून!"

"आई, त्याच्यात माणूस बसलाय."

पुढच्या रविवारी स्पॉटरच्या आधी काकूच ओरडल्या, "उतरवा रे, पीटर आला!"

*

जोशीने अख्खा हिवाळा घरातल्या बॉक्सरूममध्ये, त्या अडगळीच्या खोलीत बसून एक मोठं मॉडेल बांधलं. आणि नेमकं त्याच्या पहिल्याच उड्डाणाला पीटरचं इंजिन हवेत बंद पडलं! आवाज नाही, काही नाही, विमान झाडांवरून थेट आमच्या दिशेने.

"जोशी, डाऊन!" नितीन ओरडला. नीट उतरवायला वेळच नव्हता. जोशीने रिमोटची स्टिक दाबली आणि मॉडेल सरळ काटेरी झुडपांत घातलं.

पीटर सुखरूप उतरला. शेतकऱ्याने झुडपातले तुकडे बघितले आणि फील्ड बंद करायचं नावही काढलं नाही. जोशी मात्र घरी जाताना गाडीत तुकड्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसला. फार वाईट वाटलं हो आम्हाला.

*

त्याच वर्षीचा दसरा. आमचा दसरा नेहमी जवळच्या रविवारी, मधल्या वारी सुट्टी कोण देतंय! फील्डवर चटई टाकून मॉडेलं मांडली, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचे हार घातले. जोशी आणि त्याची बायको मेधा रिकाम्या हाताने आले आणि कडेला उभे राहिले.

पीटरने हेजपलीकडून विचारलं, "आज काय आहे?"

मेधा म्हणाली, "आज प्रत्येकाने आपापल्या अवजारांची पूजा करायची."

पीटर निघून गेला. थोड्या वेळाने बघतो तर तो आणि शेतकरी, हेजला वळसा घालून, विमान ढकलत येतायत! दोघंही घामाघूम. विमान जोशीसमोर उभं करून पीटर म्हणाला, "तुझं नाहीये ना आज. हे चालेल?"

जोशीने विमानाच्या नाकावरून हात फिरवला. मग म्हणाला, "मेधा, हार लहान पडेल गं. मोठा ओव!"