खुलताबादच्या वाटेवरून परत

केमोथेरपीनंतर ह्यांचा रक्ताचा कॅन्सर पुन्हा उलटला, त्या संध्याकाळी मी देवापुढं दिवा लावला नाही. एवढे उपास-नवस कुठं गेले, कळेना. मग डॉक्टरांनी नवा उपचार सुचवला. ह्यांच्याच रक्तातल्या पांढऱ्या पेशी काढून प्रयोगशाळेत त्यांच्यात नवं जनुक घालायचं, म्हणजे त्या कॅन्सरला ओळखून मारतील. आणि त्या परत अंगात सोडायच्या. "ताप येईल. पेशी कामाला लागल्याची ती खूण. पण तो जिवावरही बेतू शकतो," डॉक्टर म्हणाले. ज्या तापाची वाट पाहायची, त्यालाच भ्यायचं!

पेशी सोडल्या, ताप चढला. शनिवारी जरा उतरला आणि हे झोपी गेले. सिस्टर तपासून गेल्या. पिशोरहून आलेली नणंद उशाशी बसली आणि तिच्या आग्रहानं मी खुलताबादला भद्रा मारुतीच्या दर्शनाला निघाले. खरं सांगायचं तर श्रद्धेनं नाही, भीतीनं.

हॉस्पिटलच्या फाटकापाशी रिक्षाची वाट पाहत होते. शेजारी एक म्हातारी डबा घेऊन बसली होती. तिनं विचारलं, "कोन हाय आत?"

"आमचे मालक. तापातून आत्ताच झोपलेत."

"बोलून आलीस का त्यांच्यासंगं?"

"झोपमोड नको म्हणून नाही बोलले."

तिनं डबा खाली ठेवला. "माझा पोरगा बी तापात असाच झोपला व्हता. आम्ही झोपू दिला. उठलाच नाय. जा बाई, एकडाव बोलून ये. देव कुठं पळून जात नाय."

समोर रिक्षा येऊन थांबली होती. ती सोडून मी जिना चढले. ह्यांना हलवून विचारलं, "आपलं गाव कोणतं?" डोळे उघडले, ओठ हलले, पण गावाचं नाव निघेना. माझं नावही निघेना. मी ओरडलेच. डॉक्टर धावत आले. चेतवलेल्या पेशींचा भडका मेंदूपर्यंत पोचला होता. लगेच औषधं सुरू झाली. "वेळेत कळलं," एवढंच ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी ह्यांनी मला नावानं हाक मारली, तेव्हा मी भिंत धरून रडले.

म्हातारी मला प्रसूती विभागाबाहेर सापडली. मी पाया पडायला वाकले, तर मला अडवून तिनं नुकती जन्मलेली नात माझ्या हातांत दिली. "घे. लई रडली आज."

सध्या तपासणीत कॅन्सर दिसत नाही. पुढचं डॉक्टरही सांगत नाहीत आणि माझी भीतीही पुरती गेलेली नाही. पण कृपेनं कुठल्या दारानं यावं, हे मी आता ठरवत नाही. ती परत फिर म्हणाली, की फिरते.