वाकळीचा घास

जालन्याच्या मिशन कंपाउंडात कोणाला वाकळ शिवून हवी असली की पहिलं नाव साळूबाईचं निघायचं आणि दुसरं सोनूबाईचं. सोनूबाईला हा क्रम कधीच पटला नव्हता. पण दोघींची घरं भिंतीला भिंत लागून, एकीच्या चुलीतला विस्तव दुसरीच्या चुलीत जायचा, त्यामुळे सकाळी भांडण झालं तरी दुपारच्या चहापलीकडे ते टिकायचं नाही.

साळूबाईचं माहेर वाटूरचं. लग्न होऊन ती जालन्याला आली तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि तिचा नवरा धर्मराज मिशनच्या दवाखान्यातल्या बागेला पाणी घालायचा. राज्य गेलं, धर्मराजच्या हातची झारी काही गेली नाही. दोन्ही पोरी उजवून झाल्यावर हातांना चाळा हवा म्हणून साळूबाईनं लोकांच्या वाकळी शिवायला घेतल्या. बाई बुटकी, जिभेला धार, आणि टाका असा की वाकळीची उलटी बाजू कुठली नि सुलटी कुठली ते कळू नये. चर्चमध्ये उपदेश सुरू झाला की तिला हमखास डुलकी लागायची, पण ‘आमेन’ मात्र सगळ्यांच्या आधी तिचंच.

कंपाउंडातल्या बायकांची एक रीत होती. वाकळ पुरी होत आली की शेवटचा कोपरा शिवण्याआधी त्यात घास घालायचा. जुन्या काळी तो खरोखरीचा घास असे, भाकरीचा वाळका तुकडा. पांघरणारं माणूस कधी उपाशी निजू नये म्हणून. घराणी ख्रिस्ती झाली तशी चर्चच्या कोण्या एका पाळकानं भाकरीवर हरकत घेतली. मुंग्यांनी ती आधीच घेतली होती. मग बायकांनी भाकरीच्या जागी बोटभर कापडी क्रूस घालायला सुरुवात केली. नाव मात्र घासच राहिलं. बिनघासाची वाकळ घराबाहेर धाडणं म्हणजे पाहुण्याला पाणीही न विचारता वाटेला लावणं, असं त्या मानायच्या.

बावन्न सालच्या सुरुवातीला, थंडीत, दवाखान्यात एक नवी मिससाहेब आली. नवी म्हणजे जालन्याला नवी; तिचं अर्धं आयुष्य चीनमध्ये नर्सचं काम करण्यात गेलं होतं. तिकडे राज्य बदललं, परदेशी मिशनऱ्यांना निघावं लागलं, आणि ती फिरत फिरत इथे येऊन पोचली. वर्षभर मराठी ती मन लावून शिकली. सावकाश बोलायची, पण बोललेलं कळायचं. बुधवारच्या बायकांच्या प्रार्थनासभेत तिनं आपल्या हाताखालच्या दोन चिनी नर्सांची गोष्ट सांगितली. दोघी प्रभूवर विश्वासणाऱ्या. दोघींना दूरदूरच्या दोन गावांत टाकलेलं. उघडपणे प्रार्थनेला बसायची चोरी, घरांची झडती व्हायची, आणि थंडी अशी की घागरीतलं पाणी दगड व्हावं. जानेवारीत कुडकुडणाऱ्या बायकांना वाटत होतं की थंडी म्हणजे जालन्याचीच. त्यांनी पदर अंगाभोवती आवळून घेतले.

त्या दोघींची नावं मात्र मिससाहेब सांगेना. नाव तोंडातून निघालं की कुठवर जाईल याचा नेम नाही, म्हणाली. यावर सोनूबाईनं विचारलं की मग देवाला कसं कळायचं आम्ही कोणासाठी मागून राह्यलो ते? मिससाहेबला हसू आलं. शेवटी बायकांनीच नावं ठेवली, एकीचं प्रेमला आणि दुसरीचं नीला. त्या दिवसापासून कंपाउंडातल्या घराघरांत जेवणाआधी प्रेमला आणि नीला यांच्यासाठी प्रार्थना होऊ लागली. धर्मराज तर असा मागायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, दोघी त्याच्या बहिणीच्या पोरी आहेत.

नुसत्या प्रार्थनेनं ऊब येत नाही, हे कोणी बोललं नाही, पण सगळ्यांनाच कळत होतं. पैसा कोणापाशी नव्हता. वाकळी शिवता येत होत्या. हाँगकाँगला मिससाहेबच्या ओळखीचा एक विश्वासू दुकानदार होता, तो गाठोडी चीनमध्ये पोचवायचा. ठरलं, एक वाकळ साळूबाईनं शिवायची आणि एक सोनूबाईनं. घराघरांतून जुनी लुगडी आली, धोतरं आली, भरपूर कापूस आला. आणि मिससाहेबनं बजावलं की वाकळीवर बायबलचं वचन नको, नाव नको, क्रूस तर बिलकुल नको. एवढ्याशा फडक्यापायी माणसाला धरून नेतात. सगळ्यांनी माना डोलावल्या. साळूबाईची मान सगळ्यांत जोरात डोलली.

वाकळ झाली झकास. शेवटचा कोपरा तेवढा उरला. सुई हातात धरून साळूबाई उंबऱ्यात किती तरी वेळ बसून राहिली. मिससाहेब म्हणाली ती वाकळीवरच्या क्रुसाची गोष्ट, तिनं मनाशी हिशेब मांडला. घास तर वाकळीच्या पोटात जातो, तो कोणाला दिसतो? आणि जिला कोणी जवळचं उरलं नाही, तिलाच उपाशी वाकळ धाडायची? माणसाला जे करायचंच असतं त्याला कारणांचा तोटा नसतो. तिनं पेटीतलं फडकं काढलं, कातरलं, कोपऱ्यात सारलं आणि बारीक टाक्यांनी तोंड बंद केलं. वर हात फिरवून बघितला. काही लागलं नाही. तिला फार समाधान वाटलं.

गाठोडं गेलं. वर्ष उलटलं. चोपन्नच्या पावसाळ्यात एका बुधवारी मिससाहेब सभेला आली ती भिंतीला टेकूनच उभी राहिली. वाकळी पोचल्या, म्हणाली. नीलाची सुखरूप पोचली. प्रेमलाची झडतीत सापडली, उसवली गेली, आणि आत कापडाचा क्रूस निघाला. प्रेमलाला घेऊन गेले. कुठे, ते कोणाला ठाऊक नाही. मग तिनं सगळ्यांवरून नजर फिरवली आणि म्हणाली, “तुम्हाला मी सांगितलं होतं, आणि तुम्ही ऐकलं होतं. हे त्या हाँगकाँगच्या दुकानदार भावाचं काम आहे. मी त्याला कडक लिहिलं आहे.”

तोंड उघडायची वेळ होती ती हीच. साळूबाईला ते कळतही होतं. शब्द जिभेच्या टोकापर्यंत आलेही. पण मिससाहेबनं जो विश्वास टाकला होता तो सगळ्यांदेखत मोडायचा तिला धीर झाला नाही. शेजारी बसलेली सोनूबाई पाणी प्यायला म्हणून उठून गेली, ती सभा संपेपर्यंत परतली नाही. साळूबाईचं तिकडे लक्षच नव्हतं. ती आपल्या हातांकडे बघत होती.

खाई त्याला खवखवे म्हणतात. साळूबाईनं शिवण सोडून दिली; लोकांना सांगितलं, दिसत नाही. धर्मराज जेवणाआधी डोळे मिटून ‘प्रभू, आमच्या प्रेमलाला सोडीव’ म्हणायचा, आणि सगळ्यांच्या आधी आमेन म्हणणारी ही बाई ताटाकडे बघत बसायची. भाकरी मोडली की मनात यायचं, तिला आज काही मिळालं असेल का. पांघरूण घेतलं की अंगाला टोचायचं. एकदा ती धर्मराजला म्हणाली की माझ्या हातून माणूस गेलं. तो म्हणाला तुला बाधलंय काही तरी, आणि दवाखान्यातून पोटाचं औषध घेऊन आला.

सगळ्यांत वाईट गोष्ट प्रभुभोजनाची, येशूच्या आठवणीत चर्चमध्ये सगळे मिळून भाकरी नि द्राक्षरस घेतात त्याची. आपल्या मनाची झडती घेतल्याशिवाय या मेजाशी येऊ नका, असा इशारा पाळक द्यायचे, आणि साळूबाई त्या रविवारी नेमकी तापानं पडायची. देवाला भिऊन नाही. देवाला तर सगळं ठाऊकच होतं. भाकरीचं ताट हातोहात पुढे येईल आणि शेजारणीला वाटेल ही बाई स्वच्छ आहे, ते तिला सोसवत नव्हतं.

हा ताप चर्चचा कारभार बघणाऱ्या वडील मंडळींपैकी काकासाहेबांच्या नजरेत भरला. काकासाहेब दवाखान्यात कंपाउंडर, आणि ताप खरा कुठला नि खोटा कुठला हे त्यांना बरोबर कळे, अशी त्यांची स्वतःची समजूत होती. त्यांनी आणखी एक गोष्ट हेरली, की मेजाला साळूबाई येत नाही तशी सोनूबाईही येत नाही. झालं. ज्यांचं आपसात वाकडं आहे त्यांनी समेट करूनच मेजाशी यावं असा दंडक. तेव्हा दोघींचं भांडण, आणि तेही मोठं, हे उघड होतं.

पंचावन्नच्या ईस्टरआधी एका दुपारी त्यांनी दोघींना चर्चच्या ओट्यावर बोलावलं. बायकांच्या सभेची प्रमुख म्हणून मिससाहेबलाही बसवलं. मग त्यांनी उलटतपासणी चालवली. कोंबडी कोणाची कोणाच्या घरात गेली का? वाळत घातलेल्या कपड्यांवरून काही झालं का? पोरींच्या सासरावरून कोणी टोमणा मारला का? दोघी खाली मान घालून न्हाई न्हाई म्हणत होत्या, आणि प्रत्येक न्हाईसरशी काकासाहेबांची खात्री वाढत होती. शेवटी ते म्हणाले, कारण सांगू नका, पण एकमेकींचा हात हातात घ्या आणि मन मोकळं करा.

साळूबाईनं सोनूबाईचा हात धरला. तो घामानं थंडगार झाला होता. आपल्यापायी या बिचारीवर भांडणाचा आळ आला, हे काही तिला सोसेना.

“हिचं काईच न्हाई, काकासाहेब,” ती म्हणाली. “मिससाहेब, वाकळीत घास म्या घातल्ता. तुमी नको म्हणल्यावरबी घातला. त्या हाँगकाँगच्या माणसानं कायबी केलं न्हाई. प्रेमलाला म्या धरून देल्लं.”

बोलली ती सोनूबाई, आणि तिचा हात साळूबाईच्या हातातून सुटला.

“तू कशी घालशील? घास तर म्या घातल्ता. मला वाटलं, मी एकटीच.”

काकासाहेबांनी चष्मा काढला. त्यांना समेट करायला भांडणच उरलं नव्हतं.

मिससाहेबनं विचारलं की कापड कोणत्या रंगाचं होतं. साळूबाई म्हणाली लाल, थोरलीच्या लग्नातल्या लुगड्याच्या काठाचं. सोनूबाई म्हणाली पिवळं.

“पिवळा निघाला होता,” मिससाहेब म्हणाली.

सोनूबाई मटकन खाली बसली. आणि साळूबाईच्या छातीवरून कोणी तरी धोंडा उचलून घेतला. आपण नव्हतो. इतके महिने जे उरावर घेऊन फिरत होतो ते आपलं नव्हतंच. तिनं मोकळा श्वास घेतला. अगदी पोटातून घेतला. तेवढ्यात सोनूबाईनं खालून वर तिच्याकडे बघितलं, आणि साळूबाईचा तो सुटकेचा श्वास सोनूबाईला दिसला.

मिससाहेब उठून उभी राहिली. सावकाश, एकेक शब्द जुळवत ती म्हणाली, “मग लाल क्रूस नीलाच्या घरात आहे. ती रोज तो पांघरून झोपते, आणि तिला माहीत नाही.”

काकासाहेब म्हणाले की निरोप पाठवा, कोपरा उसवून टाक म्हणावं. मिससाहेबनं मान हलवली. हाँगकाँगच्या माणसानं लिहिलं होतं की मी काही घातलं नाही. तिनं त्यावर विश्वास ठेवला नव्हता. त्यानंतरही नाताळापर्यंत तो नीलाला औषधं पोचवत राहिला. मग मन दुखावल्यामुळे त्यानं काम सोडलं, आणि दुसरी वाट कोणाला ठाऊक नव्हती. पावसाळ्यात या दोघींतली एक जरी बोलली असती तरी निरोप पोचला असता. हे तिनं रागानं सांगितलं नाही. त्या माणसावर आळ घेतला होता तो तिनंच.

“का नाही सांगितलं, साळूबाई?”

“लाज वाटली,” साळूबाई म्हणाली.

सोनूबाई त्या दिवशी ओट्यावर बसून पोटभर रडली. पाळक आले, प्रार्थना झाली, आणि ईस्टरच्या रविवारी ती मेजाशी गेली. साळूबाई गेली नाही. पुढे नीलाची बातमी कधीच आली नाही, बरी नाही की वाईट नाही. साठ साली मिससाहेब निवृत्त होऊन मायदेशी गेली, तोवर साळूबाई दर बुधवारी नीलासाठी मागत होती. चुलीतला विस्तव दोन्ही घरांत पूर्वीसारखाच जात-येत होता, आणि सोनूबाईनं त्या दुपारबद्दल एक शब्द काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं.

नवे पाळक आले तेव्हा त्यांनी तिला घरी येऊन समजावलं. तुमच्या फडक्यानं कोणाचं वाईट झाल्याचं कोणाला ठाऊक नाही, ते म्हणाले. तुम्ही सगळ्यांदेखत कबुली दिलीत, अजून कशाला दूर राहता? साळूबाई म्हणाली, येईन. त्यांना पाणी दिलं, चहा दिला. वाकळीतला घास तिनं सांगून टाकला होता, गप्प बसल्याचंही सांगून टाकलं होतं. पण सोनूबाई पायाशी कोसळलेली असताना आणि नीला त्या वाकळीखाली निजत असताना आपल्याला बरं वाटलं होतं, हे काही तिच्या तोंडातून निघालं नाही.