खतानं खाल्लेली गाडी

दाजींचा मला अजून राग येतो. आता ते थकलेत, दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झालीत, फोनवर आवाजसुद्धा ओळखू येत नाही. तरी येतो. लोक म्हणतात, जाऊ द्या, लई जुनं झालं. जुनं झालं म्हणून गोष्ट निवते, हे मला पटत नाही. गंज जुना झाला की आणखी खोल जातो, हे मी स्वतःच्या हातानं खरवडून पाहिलंय.

वडिलांचं शहागंजात कापडाचं दुकान होतं. पोलिस ॲक्शननंतर शहरातले बरेच बडे लोक घरंदारं विकून निघून गेले. त्यांतल्या एका जहागीरदाराची विलायती स्पोर्ट्स कार वडिलांनी घेतली. दोन सीटांची, लांब नाकाची, गडद हिरवी, डोक्यावर छप्पर नाही. मांजरपाट विकणाऱ्या माणसानं असली गाडी घ्यावी, म्हणून सगळ्या शहागंजानं त्यांना वेड्यात काढलं. वडील रविवारी मला नाहीतर अक्काला शेजारी बसवायचे, फुलंब्रीपर्यंत जायचे आणि चहा पिऊन परत यायचे. तेवढीच त्या माणसाची चैन. सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकत नव्हते.

अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, वैजापूरच्या घरात दिली. दाजींची तिथं कांद्या-कापसाची आडत होती आणि जोडीला खतांचं दुकान. लग्नात मी कानपिळी केली. नवरीच्या भावानं नवरदेवाचा कान पिळायचा आणि बहिणीला नीट सांभाळा म्हणून बजावायचं, अशी रीत. मी लाजत लाजत पिळला. उपटूनच घ्यायला पाहिजे होता. कारण तासाभरात पंगत बसली आणि दाजी ताटावर रुसले. जावयानं पहिला घास अडवून धरायचा, सासऱ्यानं अंगठी नाहीतर घड्याळ घालून त्याची समजूत काढायची आणि सगळ्यांनी हसायचं, ही आपल्याकडची गंमत. दाजींनी अंगठी बोटातून काढून ताटाबाहेर ठेवली आणि म्हणाले, "गाडी पायजे."

कुणी हसलं नाही. वडिलांनी हात जोडले. "तुमचीच हाय," म्हणाले. मग दाजींनी जिलेबीचा घास घेतला.

त्यांना गाडी धड चालवता तरी येत होती का? वरात निघाली, थोडे दिवस मिरवणं झालं, मग क्लच गेला आणि गाडी खताच्या गोदामात जाऊन पडली. दिवाळीला अक्काला आणायला वडील गेले तेव्हा मी बरोबर होतो. गाडीच्या सीटा काढून टाकलेल्या आणि आत अमोनियम सल्फेटची पोती छातीएवढी रचलेली. हे खत पावसाळी हवेत पाणी धरतं, पाझरतं आणि लोखंड खातं. खत विकणाऱ्या माणसाला हे ठाऊक नव्हतं, असं मी मरेपर्यंत मानणार नाही. वडिलांनी उपरण्यानं बॉनेटचा कोपरा पुसला. हिरव्या रंगाचे पापुद्रे उपरण्याला चिकटून आले. मुलीचा बाप काय बोलणार? घरी आल्यावर आईला म्हणाले, "गाडी मजेत हाय." त्यानंतर जाईपर्यंत त्यांनी गाडीचं नाव काढलं नाही.

बऱ्याच वर्षांनी गोदाम पाडून नवं बांधायचं निघालं, तेव्हा दाजींचा निरोप आला: तुझ्या बापाचं भंगार घेऊन जा, नाहीतर मोडीत घालतो. कांद्याच्या ट्रकमधून मी ती घरी आणली. मी तेव्हा चिकलठाण्याला एका कारखान्यात होतो. पत्रा कापणं, ठोकणं, जोडणं हे माझं रोजचं काम. ट्रकमधून उतरवताना गाडीचं दार निखळून माझ्या हातात आलं आणि मी तिथंच ठरवलं. दाजींच्या मुलीचं लग्न जमत होतं. त्या लग्नात ही गाडी चकाचक करून न्यायची, मांडवासमोर लावायची, आणि दाजींनी मागितली की चारचौघांत नाही म्हणायचं. वडिलांना जे म्हणता आलं नाही, ते मी म्हणणार होतो. दाजी मागणार याबद्दल शंकाच नव्हती. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही.

अंगणात विटा रचून गाडी वर उचलली आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन खाली शिरलो. टोचल्यावर पत्रा खणकन वाजला तर तो जिवंत, टोक आत घुसलं तर मेलेला. तळ सगळा मेला होता. दारांखालच्या पोकळ पट्ट्या तर हातानं मोडल्या. आतून पांढरं खत आणि तांबडा भुगा एकत्रच सांडला. छप्पर नसलेल्या गाडीचा सगळा भार या पट्ट्यांवर असतो, म्हणून त्या कापण्याआधी दारांच्या जागी आडवे अँगल जोडले, नाहीतर गाडी मधोमध बसली असती. मग छिन्नी लावली. छिन्नीच्या घावागणिक दाजींना एक शिवी.

"अहो, शेजारी ऐकतात," बायको म्हणायची.

"ऐकू दे. त्यांना बी कळू दे कसला जावई केला होता आम्ही."

पण रागाच्या भरात घाई झाली. नवा पत्रा जोडला, गंज रोखणारं रेड ऑक्साइड मारलं, आणि पावसाळी हवा पडताच रंगाला फोड आले. खताचा अंश सांध्यांत राहून गेला होता, तो आतून वर येत होता. बायको म्हणाली, "गाडीला गोवर आलाय." मला हसू आलं नाही. फोडांवर लांबी, म्हणजे पुट्टी, भरून वरून रंग मारला असता तर लग्नापुरतं निभावलं असतं. पण वरून चकचकीत आणि आतून कुजकं असं एक त्या दारात आधीच होतं, दुसरं कशाला न्यायचं?

केलेलं सगळं काम खरवडून काढलं. सांधे उकलले, धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यानं पुन्हा पुन्हा धुतले, उन्हात वाळवले. तारेच्या ब्रशनं पांढरंशुभ्र लोखंड दिसेपर्यंत घासलं. पत्रा लाकडी ठोकळ्यावर ठोकून वळवला आणि थोडा इथं, थोडा तिथं असा जोडत गेलो, कारण एका जागी फार वेळ वेल्डिंगची ज्योत धरली की तो वाकडा होतो. बोटं सोलून निघाली. कंटाळा आला की दाजींचं तोंड आठवायचो, लगेच हुरूप यायचा. क्लच नवा टाकला, इंजिन त्या मानानं सज्जन निघालं. शेवटी नव्या सीटा बसवल्या, तोच गडद हिरवा रंग मारला आणि गाडी वैजापूरला नेली.

दाजींनी गाडी पाहिली आणि छाती फुगवून व्याह्यांना सांगितलं, "ही आमचीच गाडी. सासऱ्यानं दिलेली." घाई नव्हती मला. पंगत बसली, नवा जावई ताटावर रुसला आणि मांडवाबाहेर बोट दाखवून म्हणाला, "वरातीला ती गाडी, आणि मग आमच्याकडंच राहू द्या."

"दिली!" दाजी म्हणाले. माझ्याकडं पाहिलंही नाही.

मी उभा राहिलो. "नाय. गाडी माझी हाय."

सगळी पंगत थांबली. दाजी जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "पाव्हण्याचा हट्ट हाय रे. माझी लाज राख." आणि त्यांनी हात जोडले. चारचौघांत, मला, त्यांनी हात जोडले! गार वाटलं मला.

"दाजी," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "खत ठेवायला दुसरं कायतरी बघा."

व्याह्यांच्या बाजूनं कुणीतरी फिसकन हसलं. जावयाचा हात ताटावर तसाच. आणि बायकांच्या पंगतीतून अक्का उठून येताना दिसली. आता ही पोरीसाठी पदर पसरणार, आणि अक्कापुढं माझं काही चालायचं नाही.

अक्का माझ्या समोरून तशीच पुढं गेली. गाडीचं दार उघडलं, शालूचा घोळ गोळा केला आणि आत बसली.

"चल. मला एक चक्कर मारून आण."

"अगं, पोरीचं लग्न हाय! कुठं चाललीस?" दाजी म्हणाले.

"पोरीला इचारलंय मी. ती म्हणती, जीपनं जाते," अक्का म्हणाली. मग माझ्याकडं वळली. "वरातीपासून एकदा बी बसू दिलं नाय यांनी. चल तू."

मी गाडी अगदी हळू काढली, मुद्दाम दाजींच्या जवळून. ते हात जोडूनच उभे होते, सोडायचं भान नव्हतं त्यांना. अक्कानं तिकडं पाहिलं नाही. मी पाहिलं. मान वळवून, पोटभर पाहिलं.