रोमचा शेवट आणि राजूरची बस

रिटायर झालं की फायली सुटतात, किस्से सुटत नाहीत. आमच्या कचेरीतल्या तिघांकडे ते ढिगानं साचलेत आणि बहुतेक एकाच पिक्चरचे! रोमचा राजा, रथ, गुलाम, तलवारी, असला जुना इंग्रजी पिक्चर. दर उन्हाळ्यात जालन्याच्या टॉकीजला यायचा. शनिवारी हाफ डे सुटला की आम्ही तीनच्या शोला हजर.

*

इंग्रजी कुणालाच धड कळत नव्हतं. हेडक्लार्क कुलकर्णी मात्र कळतं म्हणायचे, म्हणून भाषांतर त्यांच्याकडे. राजा एका गुलामावर पाच मिनिटं गरजला.

"काय म्हणतो?" मी विचारलं.

"रजा नामंजूर."

*

एकदा ऑपरेटरनं रिळं मागंपुढं लावली. इंटरव्हलआधी मेलेला सेनापती नंतर घोड्यावर हजर! लोकांनी शिट्ट्या मारल्या. कुलकर्णी शांत. "बदली रद्द करून आणली असेल."

*

एका वर्षी आमच्या सौ. आल्या होत्या. हजारभर माणसं पांढऱ्या कपड्यांत धुळीत लढली. बाहेर पडताना म्हणाल्या, "धुतं कोण, ते दाखवलंच नाही."

*

डिस्पॅचचे बाबूराव राजूरहून अप-डाउन करायचे. शेवटची बस सव्वासहाची, पिक्चर सुटायचा साडेसहाला. आखाड्यात नायक तलवार उचलायचा, नगारे वाजायचे आणि बाबूराव उठायचे.

"बसा हो, शेवटच राहिलाय!"

"न्हाई. घरची फाट्यावर येऊन बसती. मी उतरलो न्हाई तं जीव टांगणीला लागतो तिचा. एखाद्या साली पाहीन बराबर."

सोमवारी येताच विचारायचे, "काय झालं मंग?" आम्ही दरवर्षी वेगळा शेवट सांगायचो.

एकदा चिडले. "मागल्या साली तर तो मेल्ता!"

मी म्हणालो, "अपिलात सुटला."

*

टॉकीजच्या जागी आता गोदाम आहे. बाबूरावांच्या बायकोला, आमच्या वहिनींना, जाऊन दोन वर्षं झाली. बाबूराव जालन्यातच मुलाकडे राहतात, बस कुठलीच धरायची नसते. परवा दुपारी माझ्या घरी टीव्हीवर तो पिक्चर लावला, खास त्यांना शेवट दाखवायला. कुलकर्णीही गाडी घेऊन आले होते. चष्मा पुसून ते पुढच्या खुर्चीत बसले. तीन तास हलले नाहीत.

आखाडा आला. तलवार उठली. नगारे वाजले.

बाबूराव उठले. पिशवी काखेत मारली, चपला घालायला लागले.

"अहो, शेवट!" मी ओरडलो.

"सोमवारी सांगा," ते म्हणाले. "ती फाट्यावर बसली असंल."

कुलकर्णींनी या वेळी भाषांतर केलं नाही. गाडीची किल्ली उचलली.