लग्नानंतरचं रुखवत

भाऊजी स्वतःहून कधी फोन करत नाहीत. काही निरोप असला की विमलताईच फोन लावायच्या आणि मागून भाऊजींचा आवाज यायचा, "तिले म्हणा..." त्यामुळे पौषातल्या त्या दुपारी फोनवर सरळ त्यांचाच आवाज आला, तेव्हा मेथी निवडता निवडता माझा हात थांबला. "सुनंदा, तू ये," एवढंच ते म्हणाले. थोडं थांबून, "विमल उठून नाई राहिली." आम्ही दुर्गला, बोरसीत राहतो. तिथून स्टील प्लांटच्या वसाहतीत, सेक्टर सहाला ऑटोने यायला कितीसा वेळ लागतो, पण त्या दिवशी रस्ता सरत नव्हता. जेवण झालं, ओटा पुसला, थोडं पडते म्हणून ताई आतल्या खाटेवर आडव्या झाल्या, त्या तशाच गेल्या. चेहऱ्यावर त्रासाची एक रेघसुद्धा नव्हती. शेजारपाजारच्या बाया जमल्या होत्या, कुणी तेलुगू, कुणी बंगाली, एक सरदारीण. रडणं ज्याच्या त्याच्या भाषेत चाललं होतं, पण ताईंना सगळ्याजणी एकाच नावाने हाक मारत होत्या... विमलाआँटी.

त्या माझ्या थोरल्या जाऊबाई. माझं लग्न होऊन मी भंडाऱ्याकडच्या खेड्यातून इकडे आले, तेव्हा पहिली काही वर्षं आम्ही सगळे भाऊजींच्या क्वार्टरमध्येच होतो. दोन खोल्या, मागे छोटं अंगण, अंगणात आंब्याचं झाड. भाऊजी प्लांटमध्ये फिटर. बोलणं मोजकं, राग आला तर तेवढंही नाही. ताई मात्र दिवसभर काही ना काही बोलत असायच्या आणि बोलताना हात चालूच. घरातून काही बाहेर फेकायचं म्हटलं की त्यांच्या जिवावर यायचं. जुन्या लग्नपत्रिका, मिठाईचे डबे, फुटक्या बांगड्या, विरलेल्या साड्यांचे काठ, गोळ्यांच्या पाकिटावरचा चंदेरी कागद, सगळं खाटेखालच्या पेटीत जायचं. "असू दे वो, कामी पडते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आणि ते खरोखरच कामी पडायचं. मी नवी होते तेव्हाची गोष्ट. समोरच्या क्वार्टरमध्ये मुलाचा वाढदिवस होता. द्यायला स्टीलची वाटी आणली होती, पण वर गुंडाळायला कागद नव्हता. मला तशीच वाटी न्यायची लाज वाटत होती. ताईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरचं उलटून गेलेलं पान काढलं, कोरी बाजू वर घेतली, बटाटा चिरून त्यावर फूल कोरलं आणि हळद-कुंकवाच्या पाण्यात बुडवून कागदभर ठसे उठवले. वर साडीच्या काठाची फीत. त्या घरच्या बाईने वाटी आत ठेवून दिली, पण कागद कित्येक दिवस कपाटाच्या दाराला चिकटवून ठेवला होता.

मग हळूहळू आमच्या सडकेवरच्या, म्हणजे क्वार्टरांच्या ओळीतल्या, बाया त्यांच्याकडे यायला लागल्या. वाढदिवस, बारसं, शाळेतलं मुलांचं मॉडेल, गणपतीची आरास... आणि मराठी घरात लग्न निघालं की रुखवत. आगपेटीच्या काड्यांची बैलगाडी, सुपारीचे नवरा-नवरी, डाळ-तांदूळ चिकटवून केलेला कलश, धानाच्या लोंब्यांचं तोरण. विकत काय आणायचं, तर गोंद आणि टिकल्या, तेही सिविक सेंटरच्या एका ठरलेल्या दुकानातून. गोंद संपला तर मैद्याची खळ. ताईंच्या हातच्या रुखवताशिवाय आमच्या ओळखीतली एक मुलगी सासरी गेली नसेल. आणि हे करताना दर वेळी त्या एकच बोलायच्या, "मेघीच्या वेळेस पाहाल तुमी, मी काय काय करीन ते!"

मेघा त्यांची एकुलती एक. शिकून रायपूरला नोकरीला लागली. एका रविवारी घरी आली आणि जेवता जेवता तिने सांगितलं की दोन सडका सोडून राहणाऱ्या तेलुगू घरातल्या रवीशी ती लग्न करणार आहे. भाऊजींनी ताट बाजूला सारलं. पुढचे काही महिने ताईंनी दोघांच्या मध्ये खूप येरझारा घातल्या, माझ्या नवऱ्यानेही भावाला समजावून पाहिलं, पण भाऊजी "नाई" याच्यापलीकडे गेले नाहीत. शेवटी त्या दोघांनी रायपूरला कोर्टात लग्न केलं. आम्ही नवरा-बायको गेलो होतो, रवीचे आईवडील होते. ताई आल्या नाहीत. नवऱ्याला घरात एकटं सोडून त्यांना येववलं नाही. मी परत आले तेव्हा त्या अंगणात बसल्या होत्या. मुलगी कशी दिसत होती, एवढंच त्यांनी विचारलं. मी म्हटलं, हिरवी साडी होती. त्या म्हणाल्या, "हिरवी तिले शोभते," आणि धुतलेले कपडे काढायला उठल्या.

त्यानंतर खाटेखालची पेटी बंद झाली. कुणी काही करून मागायला आलं की, "आता डोळे साथ नाई देत," म्हणून त्या परत पाठवायच्या. भाऊजींनी घरात मेघाचं नाव काढायचं नाही म्हणून सांगितलं होतं. ताई ते पाळायच्या, पण घरात दुसरं काही बोलायचंही त्यांनी जवळजवळ सोडून दिलं. सतत बोलणाऱ्या बाईच्या घरात असं सुनं वाटायला लागलं की मला तिथे फार वेळ बसवत नसे.

असं होता होता वर्ष होत आलं. एका दुपारी ताई एकट्याच ऑटोने बोरसीला आल्या. खांद्याला मोठी पिशवी. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाल्या, "सुनंदा, तुझी मागची खोली पायजे होती मले, थोडे दिवस."

"कावून, ताई?"

"मेघीचं रुखवत कराचं हाय."

मला वाटलं, यांना काही होतंय की काय. मी हळूच म्हटलं, "ताई, लग्न तर होऊन गेलं ना."

"लग्न झालं. रुखवत कुठी झालं?" त्यांनी पिशवी उपडी केली. मेघाचे लहानपणचे फ्रॉक, शाळेच्या लाल रिबिनी, बुटांचे रिकामे खोके, वायरचे तुकडे, चिंध्या. भाऊजींना त्यांनी माझ्याकडे पापड-वड्या करायला जाते म्हणून सांगितलं होतं. त्यांच्या संसारातलं हे बहुधा पहिलंच खोटं असेल, आणि त्या एवढ्या सरळ होत्या की ते खरं करायला म्हणून मधूनमधून आम्ही खरोखरच पापड लाटले.

मी समजत होते, बैलगाडी होईल, डोली होईल. तसलं काही त्यांनी केलं नाही. बुटाचे खोके कापून त्यांनी सेक्टर सहाचं आमचं क्वार्टर उभं केलं. तसाच पिवळा रंग, तशीच जाळीची खिडकी. अंगणात आंबा... खोड सुतळीचं, पानं जुन्या हिरव्या पत्रिकांची. दोरीवर मेघाच्या फ्रॉकच्या कापडाचे नखाएवढे फ्रॉक वाळत घातलेले. चंदेरी कागदाची स्कूटर. माझी कामं उरकली की मीही बसायची. त्या सांगतील तसं कापायची, चिकटवायची. त्या दुपारी त्यांची बडबड परत आली. दारात सुपारीची आई उभी राहिली, कपाळावर मोहरीएवढं कुंकू. मग त्यांनी दुसरी सुपारी घेतली, तिला बारीक तारेचा चष्मा केला आणि ते माणूस फाटकाजवळ नेऊन उभं केलं.

मी विचारलं, "भाऊजी पण?"

"ते नाई तर घर कसं म्हणाचं?" त्या वर न बघता म्हणाल्या.

काम संपत आलं होतं तेव्हा एके दिवशी ताई घराची किल्ली चुकून स्वतःसोबतच घेऊन आल्या. भाऊजी बाहेरून परतले तर दाराला कुलूप. ते स्कूटर घेऊन सरळ आमच्याकडे. मी दार उघडलं. मागची खोली उघडीच होती. ते दारात येऊन उभे राहिले. ताईंच्या हातात कात्री, मांडीवर चिंध्या. भाऊजींनी त्या पुठ्ठ्याच्या घराकडे बघितलं, दोरीवरच्या फ्रॉककडे बघितलं, मग खाली वाकून फाटकाजवळच्या त्या चष्मेवाल्या सुपारीकडे बघत राहिले... किती वेळ, कोण जाणे. मला वाटलं, आता हे सगळं उचलून फेकतील. ताईंनी कात्री खाली ठेवली आणि हात मांडीत घेतले.

"फाटक बाहेर उघडते आपलं," भाऊजी म्हणाले. "तू आतमंदी उघडणारं केलं."

भाऊजी चपला काढून खाली बसले. "पक्कड हाय काय घरी?" त्यांनी मला विचारलं. मी पक्कड आणून दिली. त्यांनी तारेच्या दोन कड्या वळवल्या, फाटक काढून नीट बसवलं, बोटाने उघडलं, लावलं, परत उघडलं. मग किल्ली मागितली आणि निघून गेले. ते गेल्यावर ताई भिंतीला टेकल्या आणि पदर तोंडाशी धरून रडल्या. मी चहा ठेवला.

दोन दिवसांनी भाऊजी परत आले ते खोका घेऊन. प्लायवूडच्या तुकड्यांचा घरी केलेला, आत जुन्या गोधडीचं अस्तर. "बसमंदी दणके बसतात," एवढंच स्पष्टीकरण. क्वार्टर अलगद आत ठेवलं. ताईंनी खोक्यावर तांबडा कागद लावला, कडांना साडीचा जरीचा काठ. रविवारी सकाळी मी आणि ताई निघालो, भाऊजी खोका पोचवायला बसपर्यंत आले. त्यांनी तो सीटवर ठेवला, हलवून पाहिला, खाली उतरले. कंडक्टरने घंटी मारली. ताई खिडकीतून त्यांच्याकडे बघत होत्या, "चला ना" म्हणायचा धीर त्यांना होत नव्हता. गाडी हलली तसे भाऊजी दोन पावलं सोबत चालले आणि एकदम दांडा धरून वर चढले. कुणाशी भांडत असल्यासारखे म्हणाले, "डब्बा धराले कोणी पायजे का नाई?" रायपूर येईपर्यंत खोका त्यांच्या मांडीवर होता.

दार मेघानेच उघडलं. समोर वडील, हातात तो तांबडा खोका. तिचे डोळे भरून आले. भाऊजी म्हणाले, "हळू धर. खालून हात लाव." बापलेकींनी दोन बाजूंनी धरून तो आत नेला. रवी धावत आला, त्याने टीपॉय मोकळा केला. खोका उघडल्यावर तो कितीतरी वेळ वाकून बघत होता. "मम्मी, ये सब आपने बनाया?" त्याने विचारलं. ताई म्हणाल्या, "फाटक तुम्हारे पापाजी ने लगाया." मग त्या पदर खोचून स्वयंपाकघरात शिरल्या आणि मुलीचे डबे उघडून बघायला लागल्या. जेवायच्या वेळी भाऊजींनी रवीला प्लांटमधल्या जुन्या गोष्टी सांगितल्या. माफीबिफी कुणी मागितली नाही, कुणाला तिची गरजही पडली नाही. त्यानंतर खाटेखालची पेटी परत उघडली, आणि दर सणाला मेघा आणि रवी सेक्टर सहाला यायचे, ते ताई जाईपर्यंत.

ताईंची तेरवी झाली, पाहुणे गेले. मेघा वडिलांजवळ राहिली होती. एका सकाळी मागच्या क्वार्टरमधली सविता दबकत आली. तिच्या पूजाचं लग्न तोंडावर होतं आणि रुखवतातला टिकल्यांचा नारळ ताई करत होत्या. "राहू द्या भाऊ, मी उगाच विचारून राहिली," ती म्हणाली. भाऊजी उठले, पेटी ओढली. नारळ वरच होता, जुन्या रुमालात. निम्मा भरलेला. लाल, सोनेरी, लाल, सोनेरी... मासोळीच्या खवल्यांसारख्या एकीवर एक बसवलेल्या ओळी. मग एका ठिकाणी ओळ थांबली होती आणि पुढे नुसती करवंटी.

"पूर्ण करू," भाऊजी म्हणाले.

आम्ही तिघं अंगणात बसलो. मेघा गोंद लावायची, मी टिकली ठेवायची, भाऊजी बोटाने दाबायचे. दिसायला सोपं, पण ओळ धरून राहीना. कुठे फट पडायची, कुठे टिकली तिरपी. एकदा तर मेघाला हसू आलं, मग आम्हा सगळ्यांनाच आलं. ताई गेल्यापासून घरात पहिल्यांदाच कुणी हसलं होतं. नारळ भरला तेव्हा अंगणातलं ऊन उतरलं होतं. कुठवर ताईंचं आणि कुठून आमचं, हे लांबूनही कळत होतं.

लग्नात रुखवताच्या टेबलावर सविताने तो पुढेच मांडला होता. भाऊजी गेले आणि नारळ जरासा फिरवून ताईंची बाजू समोर केली. मग तिथेच उभे राहिले. वराकडची एक बाई नारळासमोर थबकली. "कितना महीन काम है! किसने बनाया, भैया?"

"मेरी मिसेस ने," भाऊजी म्हणाले.

ती बाई अजून बघतच होती. भाऊजींनी हात पुढे केला, नारळ सावकाश फिरवला, आमची वेडीवाकडी बाजू तिच्यासमोर आणली आणि म्हणाले, "और यहाँ से हम लोगों ने."