दुधाच्या डब्याचा पत्रा

माझी शेवटची पोस्टिंग उत्तरेकडच्या एका खिंडीखाली होती. मी नायक, व्हेइकल मेकॅनिक. काम ठरलेलं. 0500 ला इंजिन गरम करायचं, 0540 ला गाड्यांचा ताफा, म्हणजे कॉन्व्हॉय, निघायचा, आणि मी शेवटच्या गाडीत. शेवटची गाडी रिकव्हरीची असते. पुढची कुठलीही बंद पडली तर ती आम्ही ओढून आणायची. ही गाडी लान्सनायक प्रमोद दिघोरे चालवायचा. तो साकोली तालुक्यातल्या एकोडीचा, मी तुमसर तालुक्यातल्या नाकाडोंगरीचा. इतक्या लांब एका जिल्ह्याचे दोघे भेटले की रँक थोडी बाजूला राहते. तो मला उस्ताद म्हणायचा आणि त्याच तोंडाने चिडवायचा.

आता मी तुमसरच्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. वर्गातली पोरं विचारतात, "भाऊ, गोळीबार पायला का तिकडं?" मी पाहिला नाही. मला सांगता येते ती गोष्ट एका पाइपाची आहे. ती नीट लिहिता येईल की नाही, माहीत नाही. घडली तशी लिहितो.

गेल्या रविवारी 0920 ला वनिता वहिनी आमच्या घरी आल्या. प्रमोदच्या पत्नी. एकोडीला अंगणवाडीत काम करतात. त्या दिसण्याआधी वळणावरून आवाज आला. प्रमोदने सुट्टीत घेतलेली ती जड, लांबच्या प्रवासाची मोटरसायकल होती. पेन्शन आल्यावर तो वनिता वहिनींना तिच्यावर बसवून ती खिंड दाखवणार होता. आता वहिनी स्वतः चालवायला शिकल्या आहेत. येत्या सोमवारी त्या तिकडे निघणार आहेत. त्यांचा धाकटा भाऊ दुसऱ्या गाडीवर सोबत असेल.

"भाऊजी, लय खडखड करून राहिली. गावचे म्हणते, वनिता आली का डंपर आला?"

"कधीपासून?"

"पहिलेपासून थोडी होती. आता तं कान फुटाले आले."

मी गाडी शेडमधून ढकलत बाहेर मोहाच्या झाडाखाली नेली.

"शेड सोडून बाहेर काहून काढली?"

छपराखाली मी इंजिन चालू करत नाही.

गाडी स्टार्ट केली. रेस थोडी वाढवली की खडखड यायची, जास्त वाढवली की जायची. एक वाळकी बांबूची काडी घेऊन सायलेन्सरवरच्या झाकणावर, म्हणजे गार्डवर, जागोजागी दाबून पाहिली. इंजिनाचा बेंड पाइप आणि सायलेन्सर जिथे जोडतात तिथे काडी दाबली की आवाज दबत होता. गार्डच्या आत काहीतरी सैल होतं. पण गाडी ऐंशी-नव्वद किलोमीटर चालून आलेली. पाइप तापलेला. चाळीस मिनिटं हात लावता येणार नव्हता.

चहा झाला. वहिनी खाटेवर बसल्या.

"भाऊजी, त्या दिवशी तुमी होते न यायच्या गाडीत. फौजेच्या पत्रात लिवलं होतं, बर्फात अडकून गेले. अडकले तं तुमी पण होते. मंग तुमी कसे वाचले?"

आवाजात राग नव्हता. तीन वर्षांत मी तीनदा एकोडीला गेलो होतो. त्यांच्या हातची तलावाची मासळी जेवलो आणि हे न सांगता परत आलो. आता वहिनी त्या जागी उभ्या राहणार होत्या, अर्धंच माहीत असताना. मी पाइपाकडे पाहिलं. तो थंड व्हायला वेळ होता. मला कुठे जाता येत नव्हतं. मी सांगितलं.

त्या सकाळी 0610 ला, पहिल्या हॉल्टवर, आमच्या गाडीचा धुराचा पाइप, एक्झॉस्ट, खडखडत होता. केबिनखालच्या जोडावर पाइपाला चीर होती, जोड आवळणाऱ्या क्लॅम्पचा बोल्ट गळालेला. नवीन क्लॅम्प खाली बेस कॅम्पवर होता. कॉन्व्हॉय थांबणार नव्हता. मी दूध पावडरचा डबा कापला, पत्रा चिरेवर गुंडाळला आणि तारेने आवळला. असं आम्ही सगळेच करायचो. आवाज बंद झाला.

प्रमोद खिडकीतून वाकून म्हणाला, "वा उस्ताद! आता गाडी नवरीवानी चुपचाप."

"परत गेल्यावर क्लॅम्प बदलतो."

1120 ला पुढे हिमकडा कोसळला. 1135 ला मागे. बाकीचा कॉन्व्हॉय पुढे निघून गेला होता, मध्ये दोनेकशे मीटर रस्ता आणि आमची एकच गाडी. गाडीत तिघे: हवालदार साहेब, प्रमोद, मी. आमच्या गाडीचा नंबर वन फोर; साहेबांनी वायरलेस सेटवर कळवलं.

"वन फोर, आगे पीछे दोनों बंद. ओव्हर."

"वन फोर, वेट. सेट पर रहो. आउट," बेसवरून उत्तर आलं.

बर्फ पडतच होतं. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी. 1410 ला हवालदार साहेबांनी पुढून वाट खणायचं ठरवलं. प्रमोदचे बूट आतून भिजले होते, म्हणून तो सेटवर राहिला.

"इंजन चलने दो, बैटरी गिर रही है. शीशा खुला रखना."

"जी साब."

आम्ही दोघे खणत होतो. गाडी पन्नास पावलांवर, पण बर्फात दिसत नव्हती. थोड्या वेळाने खडखड ऐकू आली. माझा पत्रा सैल झाला होता. मला बरं वाटलं. खडखड येते म्हणजे इंजिन चालू आहे, इंजिन चालू आहे म्हणजे प्रमोद ठीक आहे. मी खणत राहिलो.

1455 ला परत आलो. काच बंद होती. वाऱ्याने बर्फ आत येत असावं, म्हणून त्याने लावली असणार. मागे पाइपाचं तोंड बर्फात बुजलं होतं. धुराला वाट उरली ती माझ्या पत्र्याच्या फटीची, आणि ती केबिनच्या खाली; धूर आत भरला होता. प्रमोद कानाला हेडसेट लावून बसला होता. सेटवर आवाज येत होता, "वन फोर, जवाब दो."

आम्ही त्याला बाहेर काढलं, छाती दाबली. 1540 ला हवालदार साहेबांनी माझा हात धरून थांबवलं. दुसऱ्या दिवशी 0900 ला रस्ता उघडेपर्यंत आम्ही तिघे त्याच केबिनमध्ये होतो. इंजिन बंद, काच उघडी.

चौकशीत मी पत्र्याचं सगळं सांगितलं. मला ताकीद मिळाली. वहिनींना मात्र सांगितलं नव्हतं.

वहिनी माझ्याकडे वळल्या.

"तीन वर्षं सांगाले काहून लागले?"



मग त्या उठल्या. पाइपाजवळ हात नेऊन पाहिला. "थंडा झाला. नीट करा आता. तार नोका लावू."

मी गार्डचे दोन स्क्रू काढले. गार्ड हातात आला आणि मी थांबलो. जोडावर दुधाच्या डब्याचा पत्रा होता, अर्धा जळालेला. त्यावर तार, तीन वेढे, पीळ डावीकडे. मी असाच पीळ देतो. प्रमोद हे माझ्याकडूनच शिकला होता. शेवटच्या सुट्टीत गावातल्या रस्त्यावर खडखड नको, म्हणून त्याने केलं असावं. तोच पत्रा सुटून वाजत होता.

"हे यायनं केलं?" वहिनींनी विचारलं.

"हो. माझंच पाहून."

त्यांनी पक्कड माझ्या हातातून घेतली आणि तार स्वतः तोडली.

मी जोडातलं जुनं गॅस्केट खरवडून नवीन बसवलं. नवीन क्लॅम्प लावला, बोल्ट आवळून पुन्हा आवळला. गाडी स्टार्ट करून सायलेन्सरच्या तोंडावर ओलं फडकं दाबून वहिनींना साबणाचं पाणी जोडावर टाकायला सांगितलं. फट असली तर बुडबुडे येतात. आम्ही दोघांनी वाकून पाहिलं. एकही आला नाही. तरी मी आणखी दोनदा टाकायला लावलं.

"भाऊजी, आता आंघोळ घालता का गाडीले?"

त्या दिवशी त्या एकदाच हसल्या.

1215 ला त्या निघाल्या. पत्रा आणि तार रुमालात बांधून डिकीत ठेवली. मला त्यांनी माफ केलं का, ते त्या बोलल्या नाहीत, मी विचारलं नाही. वळणानंतर गाडीचा आवाज ऐकू आला नाही. आवाज नसला की मी अजून घाबरतो, म्हणून 1430 पर्यंत फोनजवळ बसलो. त्यांचा फोन आला, "पोचली घरी."

लान्सनायक प्रमोद दिघोरे, एकोडी. ड्रायव्हर. सांगितलेल्या जागेवरून तो हलला नाही. सेट शेवटपर्यंत चालू होता.