पाठीवरची चेन

दुकानात कुणी सूट घ्यायला आलं की मापाची टेप मी नंतर काढते. आधी विचारते, "तुझी चेन कोण लावतं?"

नवे लोक हसतात. म्हातारी चावट दिसतेय, असं त्यांना वाटतं. जुने हसत नाहीत. नोव्हेंबरात, सुपीरियर सरोवराचं पाणी बर्फाला टेकलेलं असताना शिडाची फळी घेऊन आत जाणारे आमच्या गावात अकराजण आहेत. बहुतेकांच्या ड्रायसूटची, म्हणजे पाणी आत न येऊ देणाऱ्या सूटची, चेन पाठीवर असते, एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत आडवी. ती आपली आपल्याला लावता येत नाही. दुसऱ्यानं लावायची, शेवटपर्यंत ओढायची आणि पाठीवर दोन थापा मारायच्या. थापा पडल्या की माणूस पाण्यात जातो. त्यानंतर "नीट लागली ना?" असं कुणी विचारत नाही. विचारलं तर लावणाऱ्याचा अपमान. ही आमच्याकडची रीत. ती मूर्खपणाची आहे हे मी पस्तीस वर्षं सांगतेय आणि पस्तीस वर्षं कुणी ऐकलेलं नाही. म्हणून मी किनाऱ्यावर असले की न विचारता प्रत्येकाच्या पाठीवरून अंगठा फिरवते. चिडतात. चिडू देत.

माझं नाव इर्या. वडील मासेमारीची जाळी दुरुस्त करायचे, मी त्याच खोलीत सूट विकते आणि दुरुस्त करते. हे सांगायचं कारण ऑर्व्हल साल्मेला. तो आमच्या अकराजणांतला सगळ्यात म्हातारा, सदुसष्ट वर्षांचा. एकतीस वर्षं त्यानं धक्क्यावर लोखंडाच्या खनिजाची जहाजं भरली. बोलायला कंजूस, पण शीड हातात आलं की पोरापेक्षा हलका. त्याची चेन बावीस वर्षं त्याच्या बायकोनं, आर्डिसनं लावली. आर्डिस टपाल कचेरीत होती. अख्ख्या गावाचे पत्ते तिला तोंडपाठ. कुणाला कुठून पत्र येतं हेही माहीत, पण तोंडातून कधी ब्र काढला नाही तिनं.

गेल्या दोन वर्षांत ते सगळे पत्ते तिच्या डोक्यातून निघून गेले. मग नावं जायला लागली. मला ती कधी इर्या म्हणायची, कधी माझ्या मेलेल्या आईच्या नावानं हाक मारायची. मी दोन्हीला ओ द्यायचे.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला ऑर्व्हल दुकानात आला आणि ओला सूट त्यानं टेबलावर टाकला. म्हणाला, म्हातारा झालाय, गळतो, नवा दाखव. अगदी असाच, पाठीवर चेनवाला.

मी आधी जुना तपासला. गळ्याला आणि मनगटांना बुचं लावली, हवा भरली, सगळ्या शिवणींवर ब्रशनं साबणाचं पाणी फिरवलं. गळत असेल तर बुडबुडे येतात. एक बुडबुडा येईल तर शपथ. चेनही धडधाकट, तिच्यावर मेणही लावलेलं.

"गळतो कुठून मग?" मी विचारलं.

"नवा दाखव म्हटलं ना."

मी सांगितलं, मी दुकानदार आहे, चोर नाही. ज्याचा सूट चांगला आहे त्याला मी नवा विकत नाही.  मी कॉफी ओतली, वेलदोड्याचा पाव कापला. तो स्टुलावर बसला आणि पावाला हात न लावता बोलायला लागला.

शनिवारी वारा ईशान्येचा होता. मी त्या दिवशी किनाऱ्यावर नव्हते, दाताच्या डॉक्टरकडे होते. आर्डिसनं नेहमीसारखी चेन लावली, थापा मारल्या आणि हीटर लावलेल्या गाडीत जाऊन विणत बसली. ऑर्व्हल अर्धा मैल आत गेला आणि फळी वळवताना पडला. पडताक्षणी पाठीतून पाणी आत शिरलं. आतली लोकर भिजली, पाय इतके जड झाले की फळीवर चढायला त्याला चार वेळा प्रयत्न करावा लागला. सूट नुसतं पाणी अडवतो, ऊब असते ती आतल्या लोकरीची. लोकर भिजली की संपलं. शीड उभं करायची ताकद नव्हती. तो फळीवर पालथा पडून राहिला आणि वाऱ्यानं त्याला वाळूच्या दांड्यावर नेऊन टाकलं. वाऱ्याची दिशा जरा वेगळी असती तर मी आज हे सांगत बसले नसते.

"कोपऱ्यात दोन इंच उघडी होती," तो म्हणाला. "थापा मारल्या होत्या तिनं. दोन्ही."

आर्डिसला त्यानं सांगितलं की पाय घसरला आणि सूट गळका आहे. म्हणून नवा सूट.

मग त्यानं मला विचारलं, पाठीवर चेन असेल पण चुकून उघडी राहणारच नाही, असा सूट येतो का? मला रागही आला आणि रडूही आलं. मी म्हणाले, तशी चेन देवाकडेसुद्धा नाही. किनाऱ्यावर दर वेळी मी येते आणि तपासते, म्हणाले. तो म्हणाला, तू पस्तीस वर्षं सगळ्यांची तपासतेस, पण तू नसतेस तेव्हा? शिवाय हल्ली तू माझ्या पाठीला हात लावलास की ती बघते, आणि तिच्यावर भरवसा नाही हे तिला कळतं.

मी तीन सूट काढून टांगले. दोन पाठीवरचे त्याच्या समाधानासाठी, आणि तिसरा छातीवर तिरप्या चेनचा. मी त्याला तिसराच घालायला लावला. उकिडवा बस, दोन्ही हात वर कर, शीड ओढल्यासारखं कर. खांद्यात कुठं अडत नव्हता. गळ्याची रबरी पट्टी आवळत होती, ती मी एक एक कडा कापत बेतात आणली. स्वतःच्या हातानं लावता येते, स्वतःच्या डोळ्यांना दिसते, आणखी काय हवं?

"मग ती काय लावेल?" तो म्हणाला.

"तुझ्या शवपेटीचं झाकण लावेल! मेलास तर तेवढंच उरणार आहे तिला लावायला."

असं बोलायला नको होतं. माझी जीभ अशीच आहे. तो सूट घेऊन गेला. मी जिंकले होते, आणि खोटं कशाला बोलू, मला बरंही वाटलं.

पुढच्या गुरुवारी पुन्हा ईशान्येचा वारा सुटला. सगळे किनाऱ्यावर जमले. ऑर्व्हलनं गाडीमागं उभं राहून नवा सूट चढवला, छातीवरची चेन ओढली, गळ्याची पट्टी बोटानं उघडून आतली हवा काढली. आर्डिस नेहमीसारखी गाडीतून उतरली, हातमोजे काढून खिशात ठेवले. आणि ऑर्व्हलनं, सवयीनंच, तिच्याकडं पाठ केली.

तिचा हात त्याच्या डाव्या खांद्यावर गेला. तिथं काही नव्हतं. हात उजव्या खांद्यापर्यंत गेला, परत आला, खाली गेला, वर आला. ऑर्व्हल वळून म्हणाला, अगं, पुढं आहे आता, ही बघ. तिनं पुढची चेन बघितली, मान हलवली, आणि त्याला पुन्हा पाठमोरा करून शोधायला लागली. बोटं लाल झाली होती थंडीनं.

"उघडी आहे," ती म्हणाली. "ऑर्व्हल, उघडी आहे रे. मी उघडी ठेवली."

पाय घसरला, असं सांगितलं होतं तिला. नातवंडांची नावं गेली, टपालातली सगळी घरं गेली, आणि नेमकं हे राहिलं तिच्याजवळ. कुणी न सांगता. तिनं त्याचा कमरेचा पट्टा दोन्ही हातांनी धरला आणि सोडेचना. मी जवळ गेले तर मला म्हणाली, याला पाण्यात सोडू नका, याची पाठ उघडी आहे. शेवटी ऑर्व्हलनं सूट उतरवला. बाकीचे पाण्यात गेले. हे दोघं गाडीत काच वर करून बसले होते. माझ्या शहाणपणाचं हे फळ, आणि ते बघायला मी तिथंच उभी होते.

चार दिवसांनी ऑर्व्हल नवा सूट घडी करून घेऊन आला. परत घे म्हणाला. शीड आणि फळीही कुणाला हवी असेल तर सांग. मी म्हणाले, एका दिवसानं असं टाकून देतोस? त्यावर तो म्हणाला,

"फळीचं जाऊ दे गं. ती आता दिवसभर माझ्या पाठीवरून हात फिरवते. चुलीपाशी, सौनाच्या वाफेत, जेवताना. शर्टावरून. पाठ उघडी आहे म्हणते आणि रडते."

त्याचा जुना सूट माझ्याकडंच खुंटीवर टांगलेला होता. मी तो काढला, टेबलावर पालथा घातला आणि कात्रीनं चेन कापून वेगळी केली. ऑर्व्हल बघत राहिला. नव्या सूटच्या पाठीवर, एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत, मी ती गोंदानं चिकटवली. सुई लावली नाही, सुईच्या भोकातून पाणी शिरतं. खाली कापड अखंड. ती उघडायची, लागायची, पण तिच्यामागं उघडणारं काहीच नव्हतं. पस्तीस वर्षांत मी असं काम केलं नव्हतं. वडील असते तर त्यांनी मला दुकानाबाहेर काढलं असतं.

"तिला फसवायचं?" ऑर्व्हल म्हणाला.

"पाय घसरला म्हणालास तेव्हा काय केलंस?"

 मी बोलून गेले खरी, पण माझं मन काही शांत नव्हतं. दोन दिवस गोंद सुकत होता आणि मी येता-जाता त्या सूटकडं बघत होते. तिच्या बोटांना कळलं तर? कापडाच्या जाडीवरून, आवाजावरून? टपालाचा लिफाफा हातात घेऊन आत काय आहे ते सांगणारी बाई ती.

नोव्हेंबर संपता संपता वारा आला. कडेला बर्फाची साय धरली होती, म्हणजे या साली ही शेवटचीच खेप. ऑर्व्हलनं पाठीवरची चेन आधीच अर्धी उघडून सूट चढवला, पुढची चेन लावून ती दोनदा बघितली आणि आर्डिसपुढं पाठमोरा उभा राहिला. मी शेजारीच होते. 

तिनं हातमोजे काढले. हात डाव्या खांद्यावर गेला आणि चेन सापडली. तिचा चेहरा कसा झाला ते मला सांगता येणार नाही. एका हातानं कापड ताणून धरलं, दुसऱ्या हातानं ती हळूहळू ओढत गेली, बावीस वर्षं ओढली तशी. आणि शेवटच्या कोपऱ्याशी, दोन इंच राहिले असताना, तिचा हात थांबला. ती पाण्याकडं बघायला लागली. मग तिनं दोन थापा मारल्या.

माझा अंगठा आपसूक वर आला होता. तेवढ्यात तिनं माझ्याकडं वळून बघितलं. त्या दिवशी तिचे डोळे अगदी स्वच्छ होते. जे आमच्याकडं कुणी कधी विचारत नाही ते तिनं विचारलं.

"इर्या, नीट लागली ना गं?"

चेनच्या बाबतीत मी आयुष्यात कुणाशी खोटं बोलले नव्हते. मी हात खिशात घातला.

"लागली, आर्डिस," मी म्हणाले. "शेवटपर्यंत लागली."

ऑर्व्हल फळी उचलून पाण्याकडं चालायला लागला, आणि त्याच्या पाठीवरची ती दोन इंच उघडी चेन आम्ही दोघी बघत उभ्या राहिलो.